वखारीपाशी वळा

रात्रीचे पावणेदोन. एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात
जिन्याखालची खोली. राउटरचा पंखा चालू, आमचा बंद.
केतकी वाघचौरे, नोकरीचा अकरावा दिवस,
विचारते, "पण सर, झाडाच्या मुळाशी बसलंय कोण?"

मी वहीच्या मागच्या पानावर झाड काढलेलं, उलटं.
मूळ वर. खाली कात्रज, हडपसर, येरवडा, कोथरूड, कसबा.
कात्रजचा मुलाणी वॉकीटॉकीत बोलला
की त्याचा आवाज मुळाकडे चढायला लागतो
आणि वाटेत जिथं फांदी फुटते
तिथं उतरतोसुद्धा.
वर पोचून परवानगी घेऊन यायची भानगड नाही.
एकच केबल, चढण्याचीही आणि उतरण्याचीही,
आमच्या सोसायटीच्या जिन्यासारखी:
कोणी गादी घेऊन वर, कोणी सायकल घेऊन खाली,
आणि तरी निभतं.

"आणि मुळाशी?"
मुळाशी एक पत्ता आहे. नुसता पत्ता.
कुठल्याच यंत्राला दिलेला नाही.

तिला पटत नाही. मलाही पटायला दोन वर्षं लागली होती.
"तू राहतेस कुठं?"
"धायरीला. वखारीपाशी वळायचं."
"कुठली वखार?"
ती थांबते. मग हसते.
वखार तिच्या जन्माआधीच गेली.
आता तिथं मोबाइलची दुकानं, वर दातांचा दवाखाना.
पण रिक्षावाला वखारीपाशीच वळतो,
कुरिअरवाला वखारीपासून फोन करतो,
लग्नपत्रिकेत छापतात, वखारीजवळ.
लाकडाचा ढलपा उरला नाही, वळण मात्र पक्कं.

तसंच हे. वखार कुठल्या दिशेला
एवढं प्रत्येकाला माहीत असलं की झालं.

आणि एक गोष्ट, जी परीक्षेत विचारत नाहीत:
बोललं कोण, याची नोंद हे झाड ठेवत नाही.
दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक तोंडामागे एक ओळ,
शंभर तोंडं, शंभर ओळी, टेबल फुगून बसतं.
इथं अख्ख्या गटाची एक ओळ.
साहेबांचा हुकूम आणि शिकाऊ पोराचा खोकला
त्याच वाटेनं जातात, त्याच वेगानं.

चाचणी सुरू केली.
"कात्रज. ऐकू येतंय का?"
ऐकू येतंय का, येतंय का, येतंय का, तंय का
हडपसरला, येरवड्याला, आमच्या टेबलावरच्या डब्यात,
एकच मुलाणी चाळीस तोंडांनी,
आणि मध्येच त्याची एक शिवी, तीही चाळीस वेळा.

स्वारगेटच्या एका दुव्यावर दोन राउटर.
दोघांचीही खात्री, की पुढं न्यायची जबाबदारी माझीच.
(पुण्यात हे काही नवीन नाही.)
दर दुव्यावर निवडणूक व्हावी लागते:
ज्याची वखारीकडची वाट स्वस्त, त्यानं उचलायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं आणि हात खिशात ठेवायचे.
इथं निवडणूक झालीच नव्हती.
मधला जुना स्विच एकाचे निरोप दुसऱ्याला देतच नव्हता.
हे केतकीनं शोधलं. मी तोवर
कोथरूडच्या केबलवर संशय घेऊन बसलो होतो.

दोन चाळीस. स्विच बदलला. डबा गप्प.
गप्प म्हणजे नीट आहे की मेलाय, कळत नाही,
ते कळायला कोणीतरी बोलावं लागतं.

मग कात्रजहून, एकदाच:
"चहा झाला का रे?"
आणि आपापल्या फांदीवरून, एकमेकांच्या अंगावर पडत,
"नाही." "कुठला चहा?" "ये की घेऊन."
कोण कुठलं, मलाही ओळखू येईना.

केतकीनं बटण दाबलं, पहिल्यांदाच,
आणि नाव न सांगता म्हणाली,
"दोन इकडं. एक बिनसाखरेचा."